आमच्या गावच्या मशिदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं आहे त्या भागात. मशीद जुन्या वेशीच्या आत, देशमुखांच्या गढीपासून शंभरेक पावलांवर. मी याच मशिदीत अलीफ-बे शिकलो, समोरच्या जिल्हा परिषद शाळेत अ-आ-ई शिकलो आणि पुढे त्याच शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली. दुरुस्तीचं काम निघाल्यापासून मशीद पाहायला लोक येऊ लागले. कॉलेजची पोरं येतात, आर्किटेक्चरचे विद्यार्थी येतात, लग्नाला आलेले पाहुणे डोकावतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मशीद किती जुनी आहे?

आमच्या मशिदीवर शिलालेख नाही. त्यामुळे तिचं वय एका आकड्यात विचारू नका, भिंतींना विचारा. आत चार वेगवेगळ्या काळांची कामं दिसतात. सर्वांत जुनी पश्चिमेची भिंत आणि तिच्यासमोरच्या तीन कमानी: पातळ विटा, जाड चुना, अडीच-तीन फूट रुंदी. त्याच्या पुढचं सागवानी दालान नंतरचं. त्याहून नंतरचे पुढचे टिनाचे पत्रे. आणि शेवटचं म्हणजे आमच्याच हयातीतलं सिमेंट, ज्याचं दुखणं पुढे सविस्तर सांगितलं आहे.

जुन्या भिंतीची एक विट गळून पडली होती, ती मी पट्टीनं मोजली. लांबी सात इंच, रुंदी साडेचार, जाडी सव्वा. मग गढीच्या पडक्या बुरुजावर गेलो आणि तिथली विट मोजली. तीच मापं, तोच भाजल्याचा रंग, तोच कोपऱ्यावर अंगठ्याचा दाब. दोन्ही विटा आता शाळेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. गढी आणि मशीद एकाच साच्याच्या विटांची आहे, बहुधा एकाच भट्टीतली. आमच्या गावाच्या इतिहासात माझ्या मते याहून मोठा पुरावा नाही.

गावात तर औरंगजेबानं बांधली असं म्हणतात?

वऱ्हाडात कुठल्याही जुन्या मशिदीबद्दल हेच म्हणतात. जुनं देऊळ असेल तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, मशीद असेल तर औरंगजेबानं किंवा जिनांनी, म्हणजे अदृश्य शक्तींनी. ही आपल्याकडची ‘फार जुनं’ म्हणायची पद्धत आहे. आजीनं सांगितलेली गोष्ट म्हणून ती जपावी, पण तारीख म्हणून तिच्यावर विसंबू नये.

मग विदर्भात मशिदी आल्या कधीपासून?

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपूरवरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि वऱ्हाड त्याच्या चार तर्फांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, एक झाला. अहमदशाह बहमनीनं १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला. पुढे १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि अचलपूर हे इमादशाहीची राजधानी झालं. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरातला, लढाईत पकडून आणलेला मुलगा. त्यानं उभी केलेली सत्ता १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली आणि १५९६ मध्ये चांदबिबीनं तहात वऱ्हाड मोगलांना दिला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारलं. तेव्हापासून वऱ्हाडात हैदराबादच्या निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांची वसुली, असे दोन धनी एकाच वेळी नांदले. १८०३ मध्ये इंग्रज-मराठ्यांच्या अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला.

पूर्व विदर्भाची कथा वेगळी आहे. तिकडे गोंड राजे. देवगडच्या बख्त बुलंदशाहानं इस्लाम स्वीकारला होता आणि १७०२ मध्ये नागपूर त्यानंच वसवलं. म्हणून नागपूरकडची मशीद आणि बुलढाण्याकडची मशीद एकाच इतिहासाच्या दोरीत ओवता येत नाही.

हे राजे-सुलतान आमच्यासारख्या गावात मशीद बांधायला आले नाहीत, हेही सांगायला हवं. गावात मशीद उभी राहते ती गावात माणसं राहतात म्हणून. काझी, प्रवचन देणारे खतीब आणि मुलाना वतनावर आले. अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन धंद्यावर आले. वऱ्हाड कापसाचा मुलूख. कापूस पिंजायला पिंजारी लागे, विणायला मोमीन लागे. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरांच्या आढ्याला पिंजण टांगायची कडी अजून आहे.

तारीख कोरलेली जुनी मशीद पाहायची असेल तर कुठे जावं?

बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेडला. खुदावंदखान महदवी या सरदारानं ती १५८२ मध्ये बांधली. दगडी कमानी, छज्ज्याखालच्या कोरीव तोड्या, वर कंगोरे, सगळं नीट पाहण्यासारखं. त्याच सरदाराच्या नावावर साखरखेर्ड्याचीही मशीद आहे. डोंगर चढायची तयारी असेल तर गाविलगडावरची मोठी मशीद पाहा. छत बरंच गेलं आहे, पण उरलेल्या कमानींतून खाली मेळघाट दिसतो.

शिलालेखावर सन हिजरी असतो. ढोबळ हिशोब असा: हिजरी सनाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. ९९० हिजरी घेतलं तर ९६० अधिक ६२२, म्हणजे १५८२. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हा गुणाकार लागतो. मी सातवीच्या पोरांना दशांश अपूर्णांक याच उदाहरणानं शिकवायचो.

मशिदीचे भाग कोणते? नावं सांगा.

दारातून शिरलं की मोकळं अंगण, त्याला सहन म्हणतात. एका बाजूला हात-पाय-तोंड धुवायची जागा, वजूखाना. समोर झाकलेला भाग, जिथे रांगा लागतात. रांगेला सफ म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीत मधोमध जो कमानीचा खोलगट कोनाडा, तो मेहराब. नमाज पढवणारा इमाम तिथे उभा राहतो. मेहराबच्या उजव्या अंगाला तीन पायऱ्यांचं मिंबर, त्यावरून शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, वाचला जातो. भिंतीतले छोटे कोनाडे म्हणजे ताक, त्यात कुराण शरीफ, पणती, अगरबत्ती ठेवायची सोय. मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रदक्षिणा नाही. मस्जिद या शब्दाचा अर्थच सजदा करायची, डोकं टेकायची जागा. त्यामुळे लांबीला आडवी इमारत सोयीची, कारण जास्तीत जास्त माणसं पहिल्या सफेत उभी राहू शकतात. देवळाकडून आलेल्या पाहुण्याला इमारत ‘आडवी’ वाटते, त्याचं कारण हे.

मिनार का नाहीत?

आहेत, पण लहान. दर्शनी कोपऱ्यांवर माणूसभर उंचीचे दोन बुटके मिनार आहेत, शोभेचे. खेड्यात उंच मिनाराची गरज नव्हती. अजान धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, किंवा चबुतऱ्यावरून दिली तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. मदिनेत पैगंबरांचे साथी हजरत बिलाल एका घराच्या छतावरूनच अजान देत.

कमानी तीनच का?

तीन, पाच, सात अशा विषम असल्या की मधली कमान मेहराबसमोर येते. दुसरं कारण पैशाचं. तीन खणांची मशीद गावाला परवडते.

घुमट चौकोनी खोलीवर बसतो कसा?

आमच्याकडे मधल्या खणावर एकच घुमट आहे, बाहेरून टोपलं पालथं घातल्यासारखा. आत उभं राहून वर पाहा. खोली चौकोनी आहे. वरच्या चारही कोपऱ्यांत तिरप्या छोट्या कमानी टाकल्या आहेत. त्यामुळे चौकोनाचा अष्टकोन झाला. अष्टकोनाचे कोपरे विटा थोड्या थोड्या पुढे काढून मोडले की गोल झाला, आणि गोलावर घुमट बसला. घुमट आपल्या वजनानं भिंतींना बाहेर ढकलत असतो, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. वैशाखात बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना आत येऊन भिंतीला पाठ टेकली की त्या जाडीचा दुसरा फायदाही कळतो.

या घुमटाखाली सगळ्या पोरांनी एकदा तरी टाळी वाजवून पाहिली आहे. मीही वाजवली होती, आणि मौलवीसाहेबांचा मारही खाल्ला होता.

सागवानी खांब वाड्यातल्यासारखे का दिसतात?

कारण ते वाडे घडवणाऱ्या हातांनीच घडवले आहेत. याला सुरूदार खांब म्हणतात. खाली दगडी उथळा, त्यावर कमळाच्या पाकळ्या, मग सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जाणारा अंगभाग, वर केळफुलासारखी घोटीव तोडी. अगदी असेच खांब देशमुखांच्या वाड्याच्या ढेलजेत आहेत आणि विठ्ठलाच्या देवळाच्या सभामंडपातही आहेत. लाकूड मेळघाटचं. मशिदीत प्राण्या-माणसांची आकृती चालत नाही, पण कमळ, वेल, घट आणि पानं चालतात. सुताराला त्याच्या ओळखीचं निम्मं काम इथंही करता आलं, आणि त्यानं ते जीव ओतून केलं. डावीकडून दुसऱ्या खांबाचं कमळ बाकीच्यांहून एका पाकळीनं जास्त आहे. लहान पोरांना मोजायला सांगतो.

नागपूर-मुंबई रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. गावोगावचे वाडे, देवळांचे सभामंडप आणि मशिदींची दालनं पाहताना हा काळ डोक्यात ठेवावा. खांबांवर आणि कडीपाटावर खर्च करायला हातात पैसा लागतो.

ही मशीद देऊळ पाडून बांधली आहे का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मोठ्यानं विचारा, मला राग येत नाही.

आमच्या मशिदीत देवळाचा दगड नाही. पाया काळ्या दगडाचा, वर विटा, खांब लाकडी. वजूखान्याच्या पायरीला एक गोल खोलगट दगड आहे, तो जुन्या तेलघाण्याचा. त्याला शिवपिंडीची शाळुंका समजून दोन-तीनदा कुजबुज झाली. मग गावातल्या तेली समाजाच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी येऊन त्यावर हात फिरवला आणि लाट कुठे बसायची, तेल कुठून निथळायचं, ते सगळ्यांना दाखवलं.

दख्खनमध्ये इतरत्र घडीव दगड पुन्हा वापरलेले दिसतात. किल्ल्यांत, बारवांत, गढ्यांत, मशिदींत आणि देवळांतही दिसतात. कुठे ती मोडतोड लढाईतली, कुठे आधीच पडलेल्या इमारतीचा माल उचलून नेलेला. प्रत्येक जागेचं उत्तर त्या जागेच्या दगडातून, सांध्यातून आणि लेखातून काढावं लागतं. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून ते निघत नाही, आणि आमच्या बाजूच्या ‘असं कधी झालंच नाही’ या हट्टातूनही निघत नाही.

मशीद गावाच्या मधल्या उंचवट्यावरच का?

आपल्याकडे गावाची पांढरी वेगळी आणि शेताची काळी वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर जड भिंत उभी केली तर दोन पावसाळ्यांत तडकते. पांढरी माती स्थिर. म्हणून गढी, देऊळ, मशीद, सगळ्या जड इमारती पांढरीवर. मोहल्ल्याच्या टोकाला काळीवर बांधलेली नवी घरं पाहा, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग प्रत्येकाला आहे.

सिमेंटचं काय झालं होतं?

काही वर्षांपूर्वी जमातीनं, म्हणजे इथं नमाज पढणाऱ्या लोकांनी, वर्गणी काढून मशीद ‘पक्की’ करायचं ठरवलं. मीही त्या बैठकीत होतो आणि मीही हात वर केला होता. एका ठेकेदारानं जुना चुना खरवडून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला आणि जमिनीपासून चार फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या. ईदला सगळे खूश. तिसऱ्या पावसाळ्यानंतर टाइल्सच्या वर, पार सात फुटांपर्यंत, भिंत ओली दिसू लागली. रंग फुगून पापुद्रे सुटले. खाली पांढरं पीठ पडायचं. रोज झाडलं तरी दुसऱ्या दिवशी फजरला, पहाटेच्या नमाजला, चटईवर पुन्हा तेवढंच.

शेवटी शेजारच्या गावचे एक म्हातारे गवंडी बोलावले. त्यांनी काही विचारलं नाही. नखानं भिंत खरवडली, पीठ बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. मग माझ्यापुढे बोट केलं. मीही चाखलं. खारट.

“लोणा हाय, सर,” ते म्हणाले. “जमिनीतलं खारं पानी भितीत चढते. पयले चुन्यातून उडून जाये. आता कुठून जाईन? तुमी तं तिले पलास्टिकचा सदरा घातला.”

खारपाणपट्ट्याची ही गोष्ट आहे. आमच्या विहिरींचं पाणी खारं. विटेची भिंत ते दिव्यातल्या वातीसारखं वर ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ओल जागच्या जागी उडते आणि मीठ गिलाव्यावर राहतं. दहा-पंधरा वर्षांनी तेवढा गिलावा बदलला की भिंत शाबूत. सिमेंट आणि टाइल्सनी वाट बंद केली की पाणी आणखी वर चढतं आणि मिठाचे खडे विटेच्या पोटातच फुगतात. विट आतून भुसभुशीत होते. टाइल्स काढल्या तेव्हा मागची सव्वा इंची विट बोटानं चुरडली जात होती. आमच्या आजोबा-पणजोबांनी ज्या भिंतीला पाठ टेकली, ती आम्ही आमच्या वर्गणीतून कुजवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जुन्या मशिदीला, देवळाला, वाड्याला सिमेंट लावू नका, एवढी एकच विनंती या पानावरून मला करायची आहे.

चुन्याचं काम कसं केलं?

हे विचारणारे बहुधा स्वतः काहीतरी दुरुस्त करायला निघालेले असतात, म्हणून जरा लांबवतो.

काळ्या मातीत चुनखडीचे गोटे सापडतात, नांगराला लागतात ते. जुने लोक तेच वेचून भट्टीत भाजत. आम्ही कळीचा चुना विकत आणला. तो पाण्यात टाकला की उकळतो, वाफ निघते, पोरांना लांब ठेवावं लागतं. विझल्यावर लोण्यासारखा होतो. तो पाण्याखाली महिनाभर मुरू दिला. जितका मुरेल तितका चांगला. मग एक भाग चुना, दीड भाग सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड, आणि दीड भाग धुतलेली वाळू. नदीतलीच वाळू हवी, आणि गोड्या पाण्यानं धुतलेली. आम्ही पाण्याचा टँकर बाहेरून आणला, नाहीतर खाऱ्या पाण्यानं लोणा आतच मिसळला असता.

पूर्वी हे मिश्रण घाणीत मळत. जमिनीवर दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि चाकाला बैल. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा, बैल देवळाच्या शिखराच्या कामाला अशा घाणीवर दिलेला होता, असं अब्बा सांगायचे. आम्हाला चाक मिळालं नाही, मुसळानं कुटलं. त्यात बेलफळाचा गर, गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी घातलं. बेल देवळामागच्या झाडाचे. पुजारीकाकांनी स्वतः पोतं भरून पाठवले आणि विचारलं, अजून लागतील का?

काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवलं. उन्हाळ्यात गिलावा पटकन वाळतो आणि तडकतो. चुना वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. आम्ही ओली गोणपाटं टांगून तीन आठवडे पाणी मारत होतो. शेवटचा हात शंखजिऱ्यानं घोटून काढला. आता भिंतीवर हात फिरवला तर अंड्याच्या टरफलासारखी लागते.

लोणा गेला का? नाही, तो जमिनीत आहे, जाणार नाही. तळाशी दरवर्षी थोडं पीठ सुटतं. ते ब्रशनं झाडतो, पाण्यानं धूत नाही.

वजूचं पाणी खारं चालतं का?

चालतं. विहिरीचं खारं पाणी पाक आहे, प्यायला नको एवढंच. जुना हौज दहा हात लांब, दहा हात रुंद होता. हनफी मतानं, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या एका परंपरेनुसार, एवढ्या पाण्याला ‘मोठं पाणी’ धरतात, ते सहजी नापाक होत नाही. तो बुजवला गेला. आता धाब्यावरचं पावसाचं पाणी त्याच जागी टाक्यात साठवतो.

मशीद, दर्गा, ईदगाह, इमामवाडा: सगळं एकच ना?

नाही. मशीद रोजच्या पाच नमाजांची जागा. दर्गा म्हणजे वलीची, म्हणजे संताची, मजार किंवा कबर, जशी मंगरूळपीरला हयात कलंदर यांची किंवा नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांची. तिथे कोणत्याही धर्माचा माणूस नवस बोलतो. ईदगाह गावाबाहेरचं मैदान, पश्चिमेला नुसती एक भिंत आणि मेहराब, वर्षातून दोन ईदना भरतं. इमामवाड्यात मोहरमच्या सवाऱ्या, म्हणजे पंजे, बसतात. आमच्याकडे एका सवारीचा मान कुणबी घराकडे आहे. डोल्यापुढे त्या घरची बाई पाणी ओतल्याशिवाय सवारी उठत नाही.

मालकी कुणाची? जुने कागद कुठे सापडतील?

मशीद वक्फ असते, म्हणजे अल्लाहच्या नावे सोडलेली. कुणी एक माणूस मालक नसतो. मुतवल्ली सांभाळतो. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०२५ मध्ये मोठे बदल झाले आहेत, त्यामुळे तुमच्या मशिदीची नोंद आणि कागद जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

कागद शोधताना मशिदीचं नाव शोधू नका, जमिनीचं शोधा. दिवाबत्तीला दिलेली इनाम जमीन असेल तर ती सातबाऱ्यावर, जुन्या पेरेपत्रकात, इनामाच्या नोंदींत सापडते. फारसी आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं धरा. आम्हाला एक मोडी कागद मिळाला तो मशिदीत नव्हे, गावच्या कुळकर्ण्यांच्या घरी, लग्नाच्या जुन्या याद्यांच्या गठ्ठ्यात.

तुमची इमारत संरक्षित स्मारक असेल तर मात्र स्वतः चुनाही लावू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते.

मुसलमान नसलेल्यांना आत येता येतं का? बायकांना?

या. दोघांनाही येता येतं. चपला बाहेर काढा, डोकं झाकलं तर बरं दिसतं. नमाजच्या वेळा आणि शुक्रवारी दुपारची १ ते २ ची वेळ टाळा. सफेत उभ्या असलेल्या माणसासमोरून जाऊ नका. फोटो विचारून काढा. दालनाच्या डाव्या टोकाला पडदा लावून आता बायकांच्या नमाजची सोय केली आहे. आमच्या अम्मीच्या वेळी ती नव्हती. ती व्हायला उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

भिंत बरोबर मक्केकडे आहे का?

आमच्या भागातून मक्का सुमारे ३,८५० किलोमीटरवर आहे. दिशा नेमकी पश्चिम नाही, पश्चिमेपासून साधारण ८ अंश उत्तरेकडे झुकलेली. जुन्या गवंड्यांनी भिंत जवळपास थेट पश्चिमेला धरली. एवढ्या फरकानं नमाजला बाधा येत नाही, हनफी फिक्हमध्ये, म्हणजे धर्मनियमांमध्ये, त्याहून बरीच मोठी सूट आहे. त्यामुळे भिंत हलवायचा प्रश्नच आला नाही.

हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. वर्षातून दोनदा सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर येतो, २८ मेच्या आसपास आणि १६ जुलैच्या आसपास. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे अनुक्रमे २ वाजून ४८ मिनिटं आणि २ वाजून ५७ मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी सरळ उभ्या काठीची सावली मक्केच्या नेमक्या उलट दिशेला पडते. जुलैत आपल्याकडे आभाळ असतं, म्हणून आम्ही मे महिन्यात पाहतो. सहनात चार फुटांची काठी ओळंब्यानं उभी करतो आणि तिच्या बुंध्यापासून मशिदीच्या भिंतीशी काटकोनात खडूनं एक रेघ मारतो. सावली पावणेतीन फुटांची पडते आणि तिचं टोक रेघेपासून साडेचार इंच बाजूला जातं. मागच्या वेळी शाळेची वीसेक पोरं, इमामसाहेब आणि पुजारीकाका असे सगळे त्या साडेचार इंचांवर वाकून उभे होते.

यायचं असेल तर अडीचच्या आत पोहोचा. फरशी फार तापते, सोबत जाड मोजे आणा. पाणी आम्ही ठेवतो, गोडं.